मालक समोर हवा

शाळेत तिला सगळे किल्ली म्हणत आणि आजही ती त्याच नावाला ओ देते. तिचे वडील बाजाराच्या तोंडाशी, एका जिन्याखालच्या जागेत किल्ल्या बनवत. आता तिथे ती बसते. सत्तरी उलटली, डोळ्याला भिंग आलं, पण कानस धरलेला हात हलत नाही. गिऱ्हाईक हुज्जत घालू लागलं की ती कानस आणखी जोरात घासते. मग पुढचं काही ऐकूच येत नाही.

सातवीत आम्ही एका बाकावर आलो ते एकमेकींना निवडून नव्हे, दोघीच उरलो म्हणून. माझे वडील डॉक्टर, माझा गणवेश कडक इस्त्रीचा, पण मी बोलताना अडखळत असे. तिची नखं तेलानं काळी, कपड्यांना लोखंडाचा वास. माझी धडा वाचायची पाळी आली की मागून कुणीतरी शिटी वाजवी आणि कुजबुज होई, गाडी बोगद्यात अडकली. या सगळ्याचा उगम होता शाळेच्या विश्वस्तांची मुलगी. हसरी, देखणी, सगळ्या बाईंची लाडकी. तिनं स्वतः कुणाला बोटही लावलं नाही. तिची भुवई वर गेली की बाकीचं काम मैत्रिणी करत.

किल्ली माझं वाक्य कधी पुरं करत नसे. घरची माणसंसुद्धा मायेनं शब्द पुरवत, ती मात्र हनुवटीला हात लावून थांबून राही. कुलपाला घाई केली की पिन मोडते, असं तिचे वडील सांगत म्हणे. मला कुलूप म्हटल्याचा मला राग यायला हवा होता, पण तिच्याशी बोलताना माझे शब्द हळूहळू सुटू लागले होते.

एकदा चित्रकलेच्या बाईंच्या कपाटाची किल्ली हरवली. बाईंनीच सांगितलं म्हणून तिनं केसातली पिन काढून ते कपाट उघडून दिलं. वर्ग बघतच राहिला. त्या दिवसापासून मात्र कुणाचं खोडरबर जरी हरवलं तरी माना आमच्या बाकाकडे वळत. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिच्या वडिलांना बोलावून बजावलं, की पुन्हा कुलपाची एक जरी तक्रार आली तर मुलीला घरी बसवा. वडिलांनी दुकानातला नियम तिला शाळेतही लावला. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही.

एका दुपारी खेळाचा तास संपल्यावर जाळी ठेवायला मला सामानाच्या खोलीत धाडलं. खिडकी नसलेली खोली, बाहेर दाबलं की बसणारं कुलूप. मी आत गेले आणि मागे दार लागलं. खट्ट झालं. बाहेरून विश्वस्तांच्या मुलीचा गोड आवाज आला, "आता मार हाक. घे बघू कुणाचं तरी नाव."

अंधारात जुन्या चेंडूंचा कुबट वास होता आणि पायावरून काहीतरी सरकलं. हाक तर निघेचना. मी दार बडवत राहिले. थोड्या वेळानं चपलेचा तुटका पट्टा घासत येणारी पावलं ऐकू आली आणि मी ओळखलं, किल्ली. कुलपाला पिन लागल्याचा बारीक आवाज झाला. मग तो थांबला.

"मालक नाहीये गं," ती दाराला तोंड लावून म्हणाली. खांबाआड त्या सगळ्या उभ्या आहेत, मी कुलूप कधी उघडते त्याचीच वाट बघतायत, हेही तिनं सांगितलं. मग ती दाराला पाठ लावून खाली बसली. तासाची घंटा झाली तरी उठली नाही. तिच्या पाठीमागच्या फळीवर मी मुठी आपटत होते आणि ती एवढंच म्हणत होती, "मी इथंच आहे." पिनेच्या एका वळशाचं काम होतं. त्या घटकेला मला तिचा जितका संताप आला, तितका त्या मुलींचाही आला नव्हता.

मोठ्या बाई खोलीची चावी घेऊन आल्या, पण विश्वस्तांच्या मुलीला बरोबर घेऊनच. डॉक्टरांच्या मुलीला किल्लीनंच कोंडलंय, ही बातमी तिनं आधीच पोचवली होती. दार उघडलं तेव्हा किल्लीच्या हातात पिन तशीच होती.

"जाऊ द्या ना बाई," विश्वस्तांची मुलगी म्हणाली, "तिला घरी नका बसवू. चुकून झालं असेल."

मी तोंड उघडलं. पहिलंच अक्षर अडकलं. कुणीतरी फिसकन हसलं. मोठ्या बाईंना घाई होती. त्या म्हणाल्या, हिनंच ना, बरं, कळलं.

"थांबा, बाई," किल्ली म्हणाली. "तिचं बोलणं व्हायचंय."

सगळ्या थांबल्या. मला फार वेळ लागला. पण विश्वस्तांच्या मुलीचं नाव मी आडनावासकट घेतलं, आणि हिनं नाही, हेही सांगितलं. मोठ्या बाईंनी कुलूप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्यावर पिनेचा ओरखडाही नव्हता. तक्रार कशाची करणार?

किल्लीचं नाव शाळेच्या पटावर राहिलं. बाकी काही झालं नाही. विश्वस्त आले, मुलींची थट्टा म्हणून हसले, चहा पिऊन गेले. आम्हा दोघींना मात्र वेगवेगळ्या बाकांवर बसवलं, आणि बरेच दिवस मीही तिच्याशी बोलले नाही. तीही समजूत घालायला आली नाही. मग एका मधल्या सुट्टीत ती शेजारी येऊन नुसतीच बसली, आणि आमचं पुन्हा सुरू झालं.

आजही मी न्हाणीघराला आतून कडी लावत नाही. आणि कुणी आत अडकल्याचा निरोप आला की किल्ली हातातलं काम टाकून पळते. एरवी कपाटाचं कुलूप उघडतानाही मालकाला समोर उभं करणारी ती, तेव्हा घर कुणाचं हेसुद्धा विचारत नाही. एका शेजाऱ्यानं हटकलं तर म्हणाली, आत जो आहे तो मालक.

मी तिला कितीदा सांगितलं, की तेव्हा तू उघडलं असतंस तर तुझी शाळा सुटली असती, तू केलंस ते बरोबरच होतं. तिला ते पटत नाही.

"तू दार वाजवत होतीस," एवढंच ती म्हणते, आणि कानस जोरात घासू लागते.