तब्येत भरली, पण पारडं हलेना

मारुतीवर माझा विश्वास होता, पण बायकोनं त्याला बोललेल्या नवसावर नव्हता. देवाला काय माझ्या वजनाचा गूळ खायचाय? पण ही ऐकते कुठली! माझं हृदय कमजोर पडलं आणि मला वाशिमला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा हिनं परस्पर सांगून टाकलं की, माणूस घरी आला तर त्याच्या भारोभार गूळ वाहीन.

मी एसटीचा रिटायर ड्रायव्हर. मेडशीच्या स्टँडवर मला तोंडापेक्षा पोटावरून जास्त ओळखत. स्टिअरिंग फिरवलं की ते पोटाला घासायचं. पण दवाखान्यातून घरी आलो तो गालफडं बसलेला, पॅन्टला सुतळी बांधलेला. आमच्या गावात तब्येत म्हणजे अंगावरचं मांस. जाड झाला की तब्येत झाली, वाळला की उतरली, मधलं काही नाही. जो तो म्हणे, "काहो ड्रायव्हरसाहेब, तब्येत लयच उतरली ना!" असा राग यायचा! पण घरी गेलो की मीही आरशात बघून घ्यायचो, शिल्लक किती राहिलो ते.

वाशिमच्या डॉक्टरीणबाई दर वेळी वजन करत आणि कमरेला टेप लावत. "काका, काटा अर्धंच सांगतो. चरबी कुठं बसली ते टेप सांगतो. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी पाहिजे." मी म्हटलं, "मग उंची वाढवायची गोळी द्या." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, या आजारात अगदी वाळलेल्या माणसापेक्षा थोडं अंग असलेला माणूस कधीकधी जास्त तग धरतो. पण ते अंग म्हणजे पोटाचा घेर नव्हे. यातलं पहिलं वाक्य मी घरी आणलं, दुसरं वाशिमच्या स्टँडवरच राहिलं. मीठ कमी खा, रोज सकाळी वजन करा, एकदम वाढलं तर त्याच दिवशी फोन करा, हेही त्यांनी बजावलं होतं. मी काटा कपाटावर टाकला. रोज तोलायला मी काय तूर आहे?

मग मी तग धरायला लागलो. लोणचं, पापड, ठेचा, जे समोर येईल ते. आणि काय सांगू, बघता बघता अंग भरलं! पोट परत आलं. चपलेचा पट्टा लागेना, म्हटलं पायांचीही तब्येत झाली. आडवं झालं की दम लागे, म्हणून बसून झोपायचो. ड्रायव्हरला बसून झोपायची सवय असतेच. पारावरचे लोक म्हणायचे, "वा! तब्येत भरली!" मी नुसता खूश.

शनिवारी नवस फेडायचा ठरला. मागच्या वेळी दवाखान्यात भरलेलं वजन हिच्या ध्यानात होतं. तेवढ्या गुळाच्या भेल्या आणल्या, वर दोन-चार जास्तीच्या. देवळात मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात हार घालून मी बसलो, दुसऱ्यात भेल्या चढत गेल्या. सगळ्या संपल्या, पण माझं पारडं जमिनीवरून हलेना. दुकानातून आणखी भेल्या आल्या, तरी हलेना. लोक टाळ्या वाजवायला लागले. हिचा भाऊ ओरडला, "भाऊजी, देवळातली घंटा खाल्ली काय?" मी हसायला गेलो, तर हसायलाही दम पुरेना.

बस फेल पडली म्हणून केनवडची एक बाई देवळात टेकली होती. ती पिशवी ठेवून उठली, सरळ माझ्यापुढे येऊन बसली. "भाऊ, पाय द्या बरं इकडं." नडगीवर अंगठा दाबून तिनं उचलला. तिथं खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"हे तब्येत नोहे," ती म्हणाली. "पानी हाय हे. माह्या मालकाचं असंच झालतं. तब्येत भरली म्हनून आमी बी लोकाइले पेढे वाटले."

"मंग?" हिनं विचारलं.

बाईनं पदर सारखा केला. "तुमी पाहून काय राह्यले? गाडी बलवा."

टाळ्या थांबल्या. ही तिथंच रडायला लागली. मला पारड्यातून चौघांनी उतरवलं, गळ्यातल्या हारासकट गाडीत घातलं.

डॉक्टरीणबाई इतकंच म्हणाल्या, "काका, सोमवारपर्यंत थांबला असता तर..." नाकात नळी, हाताला सुई. मला फार भीती वाटली. आयुष्यभर माणसांनी भरलेली गाडी मी हाकली, पण आपल्या हातात काहीच नाही हे त्या खाटेवर कळलं. मनात म्हटलं, मारुतीराया, स्टिअरिंग तू धर, मी मागच्या सीटवर बसतो. आणि खरंच सांगतो, मन शांत झालं. मग औषधानं अंगातलं पाणी असं निघायला लागलं की वॉर्डबॉय हात जोडायला लागला.

बरा होऊन पुन्हा पारड्यात बसलो, तेव्हा ढीगभर गूळ उरला. हिचा भाऊ म्हणाला, उरला तो घरी नेऊ. ही उसळली, "देवाले वाह्यलं ते वापस कायले? पान्याचा भार बी त्यानंच उतरवला ना!" सगळा गूळ गावात वाटला. एक भेली त्या बाईसाठी ठेवली आणि केनवडच्या बाजारात जाऊन विचारलं, पण नाव माहीत नसलेली बाई सापडणार कशी? लोक म्हणतात, मारुतीच आला होता. मी म्हणतो, बाईच होती. स्वतःचं दुःख गाठीला बांधून निघालेली, आणि माझ्यासाठी तिनं ते चारचौघांत सोडलं. तिची बस त्याच दिवशी, तिथंच का फेल पडली, ते मी विचारत नाही. नुसते हात जोडतो.

आता काटा कपाटावरून खाली आलाय. सकाळी मी त्याच्यावर उभा राहतो, ही कमरेला टेप लावते. कोणी म्हटलं तब्येत उतरली, तर म्हणतो, देवाची कृपा. त्या शनिवारी अख्खा गाव भेल्या टाकटाकून मला वर पाठवायला बघत होता. मारुतीनं काही मला वर जाऊ दिलं नाही.