डावा हात वर करा

सुई टोचण्याआधी मी प्रत्येक पेशंटला एक वाक्य सांगायचे. "मुंगी चावल्यासारखं होईल, आणि नंतर कधीही दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबते." नांदेडात दातांचा दवाखाना टाकला त्या दिवसापासूनचं हे वाक्य. पहिल्या पेशंटला सांगताना मीच घाबरले होते, त्यामुळे थांबायची गरज त्याच्यापेक्षा मला जास्त होती. पण लोकांना ते आवडलं. आपल्याला थांबवता येतं एवढं कळलं तरी माणसं खुर्चीत सैल पडायची. प्रत्यक्षात हात वर करणारे थोडेच.

हे वाक्य म्हणायचं मी कधी सोडलं ते मला कळलंच नाही. कळलं ते मावशींना.

मावशी म्हणजे माझ्या मदतनीस. मुखेडकडच्या एका खेड्यातून आलेल्या, माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठ्या. पण पहिल्याच आठवड्यात "डबा खाल्ला का?" म्हणून माझी उलटतपासणी सुरू केली, तेव्हाच त्या मावशी झाल्या. नंबर लावणं, औजारं स्वच्छ करणं, थुंकी ओढणारी नळी धरणं, सगळं त्यांच्याकडे.

आणि माझा एक नियम होता, त्याचा मला भारी अभिमान. एसटीनं आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. माझं माहेर उदगीरजवळचं, शेतकऱ्याचं. लहानपणी वडील दाढ धरून शहरात गेले होते आणि नंबर संपला म्हणून तसेच घरी आले होते. सुजलेल्या गालानं अंगणात बसलेले ते मला अजून दिसतात. त्यामुळे माझ्याकडे वेळ घेतलेले पेशंट वेगळे आणि एसटीतून उतरलेले वेगळे, आणि दोघांनाही बघायचंच. डबा चार वाजता उघडायचा, नाहीतर तसाच घरी जायचा. दवाखान्याची मालकीण मीच, मग सुट्टीचा अर्ज करायचा कुणाकडे?

एकदा कॉम्प्रेसर बंद पडला. त्याच्याशिवाय ड्रिल चालत नाही. मला इतका आनंद झाला, की मेकॅनिक अर्ध्या तासात हजर झाला तेव्हा त्या बिचाऱ्यावरच मी खेकसले. लग्नात कुणी हसलं तरी मला त्याच्या दातावरचा थर तेवढा दिसायचा. मान दुखायची. रविवारी संध्याकाळीच सोमवार नकोसा व्हायचा. घरचे म्हणाले, फार चिडचिडी झालीस. त्यावरही मी चिडले.

अशाच एका दुपारी मुखेडकडचे एक म्हातारे शेतकरी खुर्चीत होते. दाढेचं रूट कॅनॉल. बाहेर आठ माणसं, आणि यांची परतीची गाडी अडीचची. ड्रिल चालू असताना त्यांनी डावा हात वर केला.

मी थांबले नाही. "हात खाली घ्या," म्हणाले.

मावशींनी तो हात हवेतच पकडला आणि काम संपेपर्यंत आपल्या हातात धरून ठेवला. नळी दुसऱ्या हातात. मी शेवटपर्यंत वर पाहिलं नाही. जाताना आजोबांनी हात जोडले ते मावशींना. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला राग आला, खरं सांगते. लाज नाही, राग. त्यात हेवाही होता. संध्याकाळी दवाखाना आवरताना मी मावशींना विचारलं, "त्यांना हात वर करायला कुणी सांगितलं होतं?"

"म्या," त्या म्हणाल्या. "तुमचंच वाक्य हाय की. तुम्ही म्हणायचं सोडलं तवापासून मीच सांगून राहिले, बाहेर बाकड्यावर बसवतानाच."

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून." त्या वेळी संक्रांत तोंडावर आली होती. मग हातातला ट्रे खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सांगायचं माझ्या हातात हाय मॅडम. थांबायचं तर न्हाई ना."

मी पेशंटच्या खुर्चीत बसले आणि रडले. मावशींनी दिवा माझ्या डोळ्यांवरून बाजूला केला, एवढंच.

त्याच आठवड्यात मी लातूरला गेले, मनाच्या डॉक्टरांकडे. नांदेडात गेले असते तर संध्याकाळपर्यंत निम्म्या गल्लीला कळलं असतं. तोंडाला स्कार्फ बांधून बाकावर बसले. शेजारी एक गृहस्थ रुमाल बांधून. पाणी प्यायला त्यांनी रुमाल खाली केला आणि पुढच्या दातावरची कॅप मी ओळखली. मीच बसवलेली होती. तेही नांदेडहून गुपचूप आलेले. त्यांनी माझे डोळे बघितले, जरा घुटमळले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, कॅप एकदम मस्त बसली बघा." कित्येक महिन्यांनी मी खळखळून हसले.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. हा आळस नाही, स्वभावही बिघडलेला नाही, म्हणाले. वर्षानुवर्षं न थांबता काम केलं की असं होतं, आणि ते बरंही होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हाला थांबवणारं कुणी आहे का?" मी म्हणाले, मालकीण मीच, मला कोण थांबवणार. परतीच्या गाडीत अहमदपूर यायच्या आत माझ्या लक्षात आलं, की आपण खोटं बोललो; मावशी होत्या.

दोन आठवडे दवाखाना बंद ठेवला. पोटभर झोपले, विष्णुपुरीला जाऊन धरणाचं पाणी बघत बसले. लोक दुसरीकडे जातील ही धास्ती होतीच, आणि काही गेलेही. उघडल्यावर गुरुवार बंद केला, आठवड्यातल्या दोन दुपारी खुर्ची एका ओळखीच्या डॉक्टरबाईंना दिली. मुखेडकडच्या लोकांना मावशी आधीच फोन करून दिवस सांगू लागल्या. गुरुवारी चुकून कुणी आलंच तर दारातून सांगायच्या, "मॅडमची बी दाढ दुखती कधी कधी." आणि सगळ्यात मोठा नियम त्यांना दिला. माझा चेहरा ओढलेला दिसला की त्यांनी दारात उभं राहून डावा हात वर करायचा. मग हातातलं काम संपवून मी थांबणार, बाहेर कितीही माणसं असोत. सुरुवातीला तो हात दिसला की मी दात-ओठ खायचे.

आजोबा कॅप बसवायला आले, तेव्हा मी माफी मागितली, त्या दिवशी किती दुखलं ते विचारलं. मला वाटलं, ते म्हणतील एवढं काय त्यात. ते म्हणाले, "दुखलं लई." मग गाल चोळत म्हणाले, "पर आज इचारलं, ते बरं केलं बाई." मावशी नसत्या तर ते परत आलेच नसते, हे मला पक्कं माहीत आहे.

परवा मावशीच खुर्चीत बसल्या. दाढ किडलेली, चांगली खोलवर. कधीपासून दुखतेय विचारलं, तर म्हणाल्या, "वर्ष झालं. तवा तुमचीच तब्येत बरी न्हवती, माझं कुठं सांगत बसू?" मी सुई हातात घेतली. ते वाक्य सांगायला त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं; सांगणाऱ्याच खुर्चीत होत्या.

"मुंगी चावल्यासारखं होईल मावशी. नंतर कधीही दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबते."

काम निम्म्यावर आलं आणि त्यांचा डावा हात वर झाला. मी ताबडतोब ड्रिल बाहेर काढलं. "दुखतंय का?"

त्यांनी सावकाश चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "थांबता का न्हाई, ते बघून राहिले होते."

आणि तोंड उघडून आरामात मागे टेकल्या.