मेहुणा आजारी पडून दवाखाना निवडतो

आमच्या मेहुण्याइतक्या मनापासून संकटाची वाट पाहणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत दुसरा झाला नसेल. बाकीचे लोक लग्नाला जातात तेव्हा नवरी बघतात, जेवणात बुंदी आहे की नाही ते बघतात. हा मांडवाचा खांब हलवून बघायचा. माझ्या लग्नात तर मी हार घालून नुसता उभा होतो, तेवढ्यात नवरीचा हा धाकटा भाऊ जवळ येऊन कानात म्हणाला, "भाऊजी, चक्कर येऊन राह्यली का? आली तर डाव्या बाजूले पडा, इकडं समई आहे." त्याआधी मला चक्कर बिक्कर काही येत नव्हती. एस.टी.त बसला की संकटकाळी बाहेर पडण्याचा जो मार्ग असतो त्याची कडी उघडते का ते पाहायचा आणि कंडक्टरच्या शिव्या खायचा. आरमोरीजवळ एकदा नाटक पाहायला गेलो. नायकाच्या पोटात सुरा घुसला आणि तो त्या अवस्थेत आईला उद्देशून लांबलचक भाषण करू लागला. सगळा मांडव डोळे पुसतोय आणि आमचा मेहुणा पुढच्या रांगेतून ओरडतोय, "अबे बोलू नको! रक्त जाईन ना!"

असा माणूस डॉक्टर होणार हे ठरलेलंच होतं, आणि झालाही. प्रश्न त्याच्या पुढचा होता.

त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, आरमोरीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते ऐन तारुण्यात होते, आणि त्याच दिवशी आपल्या अजून न जन्मलेल्या मुलाला त्यांनी सर्जन करून टाकलं, असं माझी बायको म्हणते. मुलगा एम.बी.बी.एस. झाला, मार्कही चांगले पडले. आता पुढच्या शिक्षणाची जागा मिळायची होती. पद्धत अशी, की गुणांच्या क्रमाने नाव पुकारणार, आपण टेबलासमोर जायचं आणि कुठलं कॉलेज, कुठली शाखा ते तोंडाने सांगायचं. वरचे लोक काय उचलतील ते आपल्या हाती नाही, म्हणून पहिली पसंती, दुसरी, तिसरी असा क्रम मनात घोटून जायचा. एकदा शब्द तोंडातून गेला की गेला. ज्याला फक्त दाराशी आलेला, आता जातो की मग जातो असा पेशंट हवा, त्याच्यासाठी वेगळी शाखाच तेव्हा आपल्याकडे नव्हती. सासऱ्यांचा क्रम मात्र तयार होता. पहिली पसंती नागपूर, सर्जरी. दुसरी पसंती नव्हतीच.

मेहुणा म्हणाला, "बाबा, मी पाहिल्याशिवाय सांगणार नाई."

"काय पाहतोस? पोरगी आहे का ते?"

"दवाखाना कसा आहे ते आजारी माणसालेच समजते. मी आजारी पडून पाहतो."

सासऱ्यांना हा विनोद वाटला. मलाही वाटला. निवड सोमवारी होती आणि त्याआधीच्या आठवड्यात मेहुणा चंद्रपूरला माझ्या घरी येऊन उभा राहिला. "भाऊजी, सुटी काढा. पेशंटसोबत नातेवाईक लागते. तुम्ही फक्त घाबरून दाखवा." मी जंगल खात्यात कारकून. साहेबाने घंटी वाजवली तरी माझ्या हातातला चहा सांडतो. या कामाला माझ्याइतका लायक नातेवाईक त्याला दुसरा मिळाला नसता.

त्याच्या मनात तीन जागा होत्या, नागपुरातल्या दोन आणि चंद्रपूरच्या रस्त्यावरची बाहेरगावची लहानशी एक. पहिल्या ठिकाणी तो पोट धरून वाकला आणि मी घाबरलो. खिडकीतल्या माणसाने "आधी चिठ्ठी" म्हणून मला रांगेत पाठवलं. माझा नंबर येईपर्यंत मेहुण्याचा अभिनय संपला होता आणि तो बाकावर बसून शेजारच्या म्हातारीला औषध कधी घ्यायचं ते समजावत होता. दुसऱ्या ठिकाणी पोटाला हात लावायला जो डॉक्टर आला तो याचाच वर्गमित्र निघाला. "अबे, तू? काय झालं?" मेहुणा पडल्या पडल्या शांतपणे म्हणाला, "काही नाई रे. छत पाहून राह्यलो." त्यानंतर आम्हाला तिथून जे हाकललं, ते वर्णन करण्यात अर्थ नाही.

आम्ही चंद्रपूरला परतलो आणि रविवार उजाडला. मी म्हणालो, बाबा रे, उद्या तुझं नाव पुकारतील, आता थेट नागपूर गाठू. पण तो मधेच त्या लहान गावी उतरला. सकाळची वेळ, अपघात विभागात शुकशुकाट, व्हरांड्यात चाकाची एकच ट्रॉली. मेहुणा तीवर आडवा झाला. आतून एक किडकिडीत डॉक्टरीणबाई आली. बोलण्यावरून सोलापूरकडची. विभागात त्या दिवशी तीच, आणि शिकत होती ती भूलशास्त्र. तिने त्याचं पोट दाबलं, जीभ पाहिली आणि म्हणाली, "उठा. तुम्हाला काहीएक झालेलं नाही. ह्यांना बसवा आधी, ह्यांचा रंग बरा दिसत नाही." ह्यांना म्हणजे मला.

एवढ्यात जीपचा हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना.

जीपच्या मागच्या भागात बाज आडवी बांधलेली आणि बाजेवर एक बाई. पहाटे मोहफुलं वेचायला गेली होती. मोहावर अस्वलही येतं, हे तिकडे कोणाला सांगावं लागत नाही. तोंडावरचं लुगडं रक्ताने काळं झालेलं, आणि श्वासाचा आवाज मडक्यात पाणी भरताना येतो तसा. मेहुणा ट्रॉलीवरून कधी उतरला ते मला दिसलंच नाही. ट्रॉली जीपला लागली, बाई तीवर आली, डॉक्टरीणबाईंनी डोक्याशी उभं राहून तिचा जबडा दोन्ही हातांनी वर धरला. आवाज जरा सुधारला. वॉर्डबॉयने रोजच्या सवयीने ट्रॉली ढकलली. पाय पुढे, डोकं मागे.

आणि त्या बाईचा भाऊ ट्रॉलीला आडवा झाला.

"पाय पुढं नाई! फिरवा!"

"हट ना बे," वॉर्डबॉय म्हणाला. "रोज असंच नेतो."

"रोज नेत असशीन! जित्ती आहे ते अजून!"

मागून बरोबरचे चौघे आले आणि त्यांनीही ट्रॉली धरली. वॉर्डबॉय इकडून ओढतोय, ते तिकडून. ओढाताणीत डॉक्टरीणबाईंचा एक हात निसटला आणि ते मडक्यातलं पाणी पुन्हा भरायला लागलं. मला वाटलं, ही बाई आता इथेच व्हरांड्यात आमच्या देखत जाणार, आणि जाणार ती अस्वलापायी नव्हे. मी भिंतीला टेकून उभा होतो. या खेपेस मला घाबरून दाखवावं लागलं नाही.

"काय म्हणतायत हे?" डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं.

मेहुणा म्हणाला, "आमच्याकडं पाय पुढं करून मढं नेते, मॅडम. त्यायले वाटून राह्यलं, तुम्ही तिले मेलेली धरून चालल्या."

मला वाटलं, आता या बाई चिडणार. शिकलेलं माणूस अशा वेळी चिडतंच. त्यांनी फक्त एक शब्द उच्चारला. "फिरवा."

त्या अरुंद व्हरांड्यात ट्रॉली फिरली. माझा गुडघा मधे आला, तोही फिरला. आता डोकं पुढे झालं, म्हणजे जबडा धरलेल्या डॉक्टरीणबाईंना उलटं चालणं आलं. आणि त्या चालल्या. वाकलेल्या, पाठ पुढे, नजर त्या चेहऱ्यावरून न हलवता. मेहुणा त्यांच्या खांद्याला हात लावून त्यांचे डोळे झाला. "उंबरठा आहे, मॅडम. पाय उचला. डावीकडं. आणखी डावीकडं. बादली आहे. भाऊजी, बादली!" मी बादलीला लाथ मारली. माझ्या आयुष्यातलं वैद्यकीय कार्य म्हणाल तर तेवढंच. मघाशी आडवा आलेला तो भाऊ आता सगळ्यांत जोराने ढकलत होता. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं, सगळे आत गेले आणि दार लागलं. मेहुणा बाहेर राहिला.

तासाभराने नागपूरची गाडी आली. दार अजून बंदच होतं. मी त्याला ओढून गाडीत बसवलं. वाटेत तो संकटकाळच्या कडीकडे फिरकलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचं नाव पुकारलं तेव्हा नागपूरची सर्जरीची शेवटची जागा शिल्लक होती. मी दारातून पाहत होतो. मेहुणा टेबलासमोर गेला आणि त्याने त्या लहान गावाचं नाव घेतलं. "भूलशास्त्र," म्हणाला.

टेबलामागच्या प्राध्यापकांनी चष्मा काढला. "अहो, सर्जरी आहे अजून. नागपूर. ऐकलंत ना?"

"ऐकलं, सर."

"मग?"

"तिथल्या मॅडम उलट्या चालतात, सर."

प्राध्यापकांनी चष्मा पुन्हा चढवला आणि लिहून घेतलं. त्याच्या मागचा मुलगा मात्र आनंदाने इतका थरथरत होता, की मेहुण्याने जाता जाता त्याची नाडी पाहिली.

आरमोरीकडच्या त्या खेड्यात आम्ही पोचलो तेव्हा सासरे अंगणात खाटेवर बसले होते. बोलायचं काम माझ्यावर आलं, कारण जावयाला कोणी मारत नाही. मी सगळं सांगितलं, अस्वल, बाज, ट्रॉली, बादलीसकट. ते ऐकत राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "म्हणजे तू लोकायले झोपवणारा डॉक्टर होणार."

"हो, बाबा."

"त्या बाईचं काय झालं?"

"माहीत नाई, बाबा. गाडी आली..."

"माहीत नाई?" मास्तरांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "जिच्यापायी एवढं सोडलं तिचं काय झालं माहीत नाई? जा. पाहून ये. मंग मले सांग तू काय झाला ते."

मेहुणा पाणीही न पिता मागल्या पावली गेला. तो परत येईपर्यंत सासऱ्यांनी माझ्याशी पावसापाण्याचं बोलणं काढलं, पण मी उत्तर देईपर्यंत ते फाटकाकडे बघायला लागायचे. जेवणाचं ताट आलं, त्यांनी ते सरकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणा आला.

"वाचली. एक डोळा गेला. बोलून राह्यली."

सासऱ्यांनी मान डोलावली. "ठीक," म्हणाले आणि ताट मागवलं. या विषयावर बापलेकांत एवढंच बोलणं झालं. पुढे मेहुणा गडचिरोलीच्या बाजूला नोकरीला लागला आणि संकटंच त्याला शोधत यायला लागली, तेव्हा बसून बोलायची सवड दोघांनाही कधी मिळाली नाही.

मागच्या वर्षी सासरे गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मेहुणा जीपने धावत आला तेव्हा त्याला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. असं त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. पुण्यानुमोदनाला आलेले लोक पांगल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि एक जुनी गोष्ट सांगितली. आरमोरीच्या बाजारात मी एकदा सासऱ्यांबरोबर तांदूळ घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने सहज विचारलं, गुरुजी, पोरगा काय करते? सासरे म्हणाले, "झोपवायले तर कोणीबी झोपवते. माह्या पोरगा उठवते."

मेहुणा माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मंग दुकानदार काय म्हणाला?"

"तो म्हणाला, गुरुजी, पोतं आत्ता नेता का मंग?"

तो हसला. डोळे पुसले. बाहेर त्याचा ड्रायव्हर जीप सुरू करून उभा होता, पण तो उठला नाही.

"भाऊजी," म्हणाला, "आणखी एकदा सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, दुकानदारासकट.