टँकरची तोडी

मुंजाबा शिंगाडे मेलेला नाही, हे आधीच सांगतो. एखाद्या माणसावर लिहायला बसलं की लोक लगेच विचारतात, कधी गेले? कुठंही गेलेला नाही. पुंडलिकनगरात राहतो, दोन वेळ जेवतो, नातवाला शाळेत सोडतो. बासरी तेवढी वाजवत नाही.

मी तबलजी. शहरातल्या सरकारी रेडिओ केंद्रावर नोकरीत होतो. केंद्राबद्दल याहून जास्त लिहीत नाही, पेन्शन चालू आहे.

मुंजाबा फुलंब्रीकडच्या धनगर घरातला, पण मेंढरांमागं एक दिवस गेला नाही. बापानं कळप विकला तेव्हा हा पाळण्यात होता. त्याची हयात चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर गेली. बासरी शिकला जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडं. उस्तादांनी पहिलं वर्षभर त्याच्याकडून नुसता सा लावून घेतला. "जाने कू तो सब जाते बेटा, वापस आना सीख," असं म्हणायचे. सूर वर नेणं कुणालाही जमतं. तो फिरवून आपल्या सा वर आणून ठेवला की राग घरी पोचला, नाहीतर जत्रेत चुकलेल्या पोरासारखा बोंबलत राहतो. मुंजाबानं हे इतकं मनावर घेतलं, की कुणी मोबाइलवर गाणं अर्ध्यात बंद केलं तरी याचा जीव कासावीस व्हायचा.

रेडिओची परीक्षा पडद्याआड होते. वाजवणारा कोण, त्याचं आडनाव काय, चप्पल कसली, काही दिसत नाही. तीन वेळा नापास होऊन हा पास झाला. मग तीन-चार महिन्यांतून एकदा बोलावणं यायचं, सकाळचा अर्धा तास. हा कंपनीत रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, उपाशीपोटी यायचा. बहुतेक वेळा तोडीच वाजवायचा, सकाळचा राग. सुरुवातीच्या आलापात तबल्याला काम नसतं. मी हात मांडीवर ठेवून बसायचो. आणि खरं सांगतो, त्याचा आलाप ऐकताना वाटायचं, माझी पाळी येऊच नये. तबलजीनं असं म्हणणं म्हणजे खाटकाला बकऱ्याची दया येण्यासारखं आहे, पण यायची.

मग रामप्रसाद साहेब कार्यक्रमांचे प्रमुख म्हणून आले. भला माणूस. कुणाचं वाईट करायचं त्याच्या मनातही यायचं नाही, मनात काही यायचंच नाही. "लोकांना जे आवडतं ते द्या," एवढंच बोलायचे. लोकांना काय आवडतं हे कुणी विचारलं तर म्हणायचे, "जे चालतं ते." अर्ध्या तासाचा पाव तास झाला. पाव तासाचं 'झटपट राग' झालं: पाच मिनिटं वाद्य, मग निवेदिका खिदळत विचारणार, या रागावरचं सिनेमातलं गाणं ओळखा आणि जेवणाचा डबा जिंका. डबे भराभर गेले. कार्यक्रम हिट ठरला.

मुंजाबाला साहेबांनी सांगितलं, फोटोला घोंगडं घेऊन या.

"माझ्याकडं घोंगडं नाय साहेब."

"मग आणा की. मेंढपाळ वाटायला पाहिजे. लोकांना मातीतला माणूस आवडतो."

लेथवर तीस वर्षं लोखंड कातलेला माणूस शहागंजात जाऊन घोंगडं विकत घेऊन आला. ऐन मे महिन्यात ते खांद्यावर टाकून घामानं निथळत उभा राहिला. मी म्हटलं, अरे नाही म्हण ना. तर म्हणाला, "वाजवायला मिळतंय नं? मग कशाला तोंड वाजवायचं."

पुढं दुष्काळ पडला. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि जायकवाडी धरणानं तळ दाखवला. शहर मात्र फुगतच होतं. बीड बायपासच्या अंगाला दहा-दहा मजली सांगाडे उभे राहत होते आणि त्यांच्या जाहिरातीत पोहण्याचे तलाव होते. आमच्या गल्ल्यांतल्या बोअरमधून नुसती हवा यायची. टँकर कधी कुठं येणार याचा पत्ता नसायचा, म्हणून ते रेडिओवर सांगायचं ठरलं. टँकर भरून निघाला की चालू कार्यक्रम तोडायचा, आधी एक धून वाजवायची आणि मग भाग आणि वेळ सांगायची. कल्पना चांगली होती, माझ्या घरीही पाणी त्यामुळंच आलं.

धून कोणती? साहेब म्हणाले, "एखादी रडकी बासरी काढा."

मुंजाबाच्या तोडीचा पहिला तुकडा काढला गेला. सूर खालून उठतो, कोमल गंधारावर रेंगाळतो, धैवताकडं चढतो, तिथं थरथरतो आणि तिथंच कचकन तुटतो. मग निवेदिका म्हणते, "पुंडलिकनगर, गल्ली नंबर अमुक..." सा येतच नाही. दिवसातून आठ-दहा वेळा अख्खं शहर तो सूर वर चढवायचं आणि तिथंच लटकत ठेवून हंडे घेऊन पळायचं.

मुंजाबा साहेबांकडं गेला. मीही सोबत होतो.

"साहेब, एवढा सा तरी येऊ द्या. पुढं लगेच हाय तो."

साहेबांनी आपुलकीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तेवढ्यात दोन गल्ल्या सांगून होतात. आणि तुम्हाला कल्पना आहे का, या शहरात आज तुमच्याइतका लोकप्रिय कलाकार नाही!"

हे मात्र खोटं नव्हतं. पोरं त्याच्या मागं तो तुकडा शिट्टीवर वाजवायची. लग्नात कुणी ओळख करून दिली तर पाहुणे म्हणायचे, "आसं व्हय, टँकरवाले का तुमी!" एका सकाळी तो घरात रियाजाला बसला. तोडी सुरू केली आणि डोळे उघडले तर दारात शेजारच्या केसरबाई, हातात दोन घागरी, मागं अर्धी गल्ली.

"कुठंय टँकर?"

"टँकर नाय मावशी, मी रियाज..."

"मुडदा बशिवला तुझ्या रियाजाचा! चुलीवरचं दूध टाकून पळत आले मी. पाणी नाय तर वाजवतो कशाला रं?"

त्या दिवसापासून घरातला रियाज बंद झाला. तो संध्याकाळी बायपासच्या पलीकडं, त्या सांगाड्यांखाली जाऊन वाजवायचा. तिथल्या वॉचमनलाही एकदा बादली घेऊन धावत येताना मी पाहिलंय. हसू आलं होतं मला. कुणालाही आलं असतं.

मुंजाबाला मात्र आता एकच ध्यास लागला होता. शहराला माझ्या तोडीचं नुसतं डोकं माहीत आहे, धड दाखवायचं आहे, असं म्हणायचा. एकदा, फक्त एकदा, तो सूर लोकांच्या कानात सा वर उतरवायचा.

केंद्राच्या वर्धापनदिनी साहेबांनी त्याला बोलावलं. निमंत्रितांसमोर सभा, थेट प्रसारण. मुंजाबानं जन्मात पहिल्यांदा अट घातली: पूर्ण अर्धा तास, तोडी, मधे कुणी बोलायचं नाही. साहेब खूश झाले. "तोडीच हवी! आपली टँकरफेम!"

पुढं काय होणार हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. आम्ही सगळे संगीतातले लोक.

सकाळी नऊला सभा होती. घरून निघताना मुंजाबानं रेडिओ ओट्यावर मांडून आवाज मोठा करून ठेवला. बायको गोजरबाई नवं लुगडं नेसून रेडिओसमोर बसली. तिनं तीस वर्षं हीच तोडी स्वयंपाक करता करता ऐकली होती. आज बसून ऐकणार होती. "शेवटपर्यंत ऐकजो," एवढंच तो तिला म्हणाला.

नऊ वाजता मंचावर त्यानं डोळे मिटले आणि सूर उचलला. गंधार, मग धैवत. सभागृहात पहिल्या रांगेतला कुणीतरी खुदकन हसला. मागून एकजण ओरडला, "कोणती गल्ली?" आणि सगळी सभा फुटली. मुंजाबानं डोळे उघडले नाहीत. धैवतावर सूर थरथरला, थांबला आणि मग पायरी पायरीनं खाली आला. सा लागला. असा सा मी आयुष्यात ऐकला नव्हता. हसणारे गप्प झाले.

तेवढ्यात बाहेर फोन वाजायला लागले. मग सगळेच फोन. नियंत्रण कक्षाच्या काचेपलीकडं साहेब हात हलवत धावताना दिसले. नंतर कळलं, शहरभर लोक हंडे, बादल्या, ड्रम घेऊन रस्त्यावर आले होते आणि टँकर कुठंच नव्हता. दोन ठिकाणी रांगेवरून मारामारी झाली होती. साहेबांनी प्रसारण तोडलं, दिलगिरी व्यक्त केली आणि सिनेमाची गाणी लावली. आत मुंजाबाला यातलं काही माहीत नव्हतं. तो वाजवत राहिला, मी साथ करत राहिलो. मला मात्र काचेवरचा प्रसारणाचा लाल दिवा विझलेला दिसत होता. संपलं तेव्हा तो घामाघूम झाला होता आणि त्याचा चेहरा नवरदेवासारखा दिसत होता.

"पोचलं का रं?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, चल, घरी सोडतो.

गल्लीच्या तोंडाशी रांग होती. बाया घामेजलेल्या, चिडलेल्या. रांगेत सगळ्यात पुढं गोजरबाई, नव्या लुगड्यात, दोन रिकामे हंडे घेऊन. मुंजाबा स्कूटरवरून उतरला. बासरीची पिशवी त्याच्या काखेत होती.

"आगं, तू हितं काय करती? ऐकलं नाय का?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"बसले व्हते की समोरच. तुमीच वाजवून राहिले, हे बी कळत व्हतं मला." ती पदरानं तोंड पुसू लागली. "पन पायच निघाले. हातात हंडे कवा आले, मला ठावं नाय."

"मग सा?"

"काय?"

मागून केसरबाई ओरडल्या, "आला बघा टँकरवाला! इचारा त्याला, कवा येतो ते!" रांगेतल्या बाया हसल्या, आणि काय करावं न सुचून गोजरबाईही थोडी हसली. मला तो सगळा जमाव लाथेनं उधळून द्यावासा वाटला. मी गाडीवरून उतरलोही नाही.

मुंजाबानं पिशवी पायाशी ठेवली, बायकोच्या हातातला एक हंडा घेतला आणि तिच्या शेजारी रांगेत उभा राहिला. "पयला नंबर हाय," ती हळूच म्हणाली, "सोडू नका."