दोन डबे

‘मिस, एक विचारू? रागावणार असाल तरी विचारते.’

असं म्हणून ती आधी वही मिटायची आणि मग उभी राहायची. तुम्ही कधी शिकवण्याचं काम केलं असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, वही मिटून उभा राहणारा विद्यार्थी फार धोक्याचा. त्याला उत्तर लिहून घ्यायचं नसतं, ऐकायचं असतं.

वसईतल्या आमच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. ती तिसऱ्या वर्षाला होती. घर भुईगावला, वडिलांची केळीची वाडी. सकाळी पानं कापून मग कॉलेजला यायची, त्यामुळे कुडत्याच्या बाहीवर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे. ते धुऊन जात नाहीत. मैत्रिणी चिडवायच्या, ही मात्र बाही दुमडायचे कष्टही घेत नसे. बाकीचे मला मॅडम म्हणायचे. हिची चर्चच्या शाळेतली ‘मिस’ काही सुटली नाही.

मतदानावर शिकवत होते तेव्हा तिने घरची हकीकत सांगितली. त्यांच्याकडे मत कुणाला द्यायचं ते आदल्या दिवशी जेवताना पपा सांगत. यंदा हिचं पहिलंच मत. हिने ताटावरच विचारलं की मत गुप्त असतं, मग ते पानात कसं वाढलं जातं? पपा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मात्र मतदान करून परतताना आईने तिला बाजूला घेतलं आणि आपण कुणाला मत दिलं ते कानात सांगितलं. ते पपांचं नव्हतं. वर्ग हसला. ती हसली नाही. म्हणाली, ‘आईचं मतदानाचं ते तिसावं वर्ष होतं मिस, आणि पहिलं मत.’

आता माझ्या डब्यांकडे येते.

तोंडी परीक्षेला दहा मार्क. आमच्याकडे बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे होते, माझ्या आधीच्या सरांपासून चालत आलेले. निळ्या डब्यात मुलांच्या चिठ्ठ्या: केंद्र-राज्य संबंध, आघाडी सरकारे, पक्षांतरबंदी कायदा. लाल डब्यात मुलींच्या: आदर्श भारतीय स्त्री, राष्ट्रउभारणीत मातेचे स्थान, असलं सगळं. मुली पाठ करून येत आणि आठ-नऊ मार्क घेऊन जात. मुलगे निळ्या डब्यापाशी घाम पुसत पाचावर समाधान मानत. मला वाटे, मी मुलींचं किती भलं करते आहे! बाई असून मला यात काही वावगं दिसलं नाही, हे कबूल करायला आज जड जातं.

तिने निळ्या डब्यात हात घातला. चुकली असेल, असं समजून मी लाल डबा पुढे सरकवला. तिने त्यातली चिठ्ठी उचलली, मोठ्याने वाचली आणि परत डब्यात टाकली.

‘यावर मी बोलू शकते मिस. पाठ आहे. सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच नको.’

मी आवाज चढवला. हीच चिठ्ठी घे, नाहीतर खाली बस, असं सांगितलं. ती खाली बसली. आणि मी समोर धडधडीत बसलेल्या मुलीपुढे ‘गैरहजर’ लिहिलं.

तोंडीत गैरहजर म्हणजे विषय राहिला. विषय राहिला म्हणजे पदवी लांबली, आणि तिला त्याच वर्षी वकिलीला प्रवेश घ्यायचा होता. हे मला माहीत होतं. वर्गातल्या मुलीही तिच्यावरच उखडल्या. आयते मिळणारे नऊ मार्क हिच्यामुळे जाणार, अशी त्यांची भीती. कुणी तिच्या बाकावर बसेना.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि हळूच म्हटलं, सात मार्क देते, विषय संपव. सुंठेवाचून खोकला जाईल, असा माझा बेत.

‘न बोलता सात?’ ती म्हणाली. ‘मग त्या मुलांनी बोलून पाच कसे मिळवले? सगळ्यांचीच एका डब्यातून परत घ्या ना मिस.’

सगळ्यांची परत घ्यायची म्हणजे प्राचार्यांपुढे चूक कबूल करायची. माझी छाती झाली नाही. त्या दिवशी नायगावला घरी गेले आणि माळ्यावरची बक्षिसाची जुनी ढाल काढली. अठराव्या वर्षी, लग्नाचा पत्ता नसताना, साताऱ्यात ‘आदर्श माता’ या विषयावर बोलून मी ती मिळवली होती. ती हातात घेऊन हसू आलं आणि मागोमाग रडूही. मी त्या मुलीवर अन्याय केला होता, दुसरा शब्द नाही.

तिचा प्रवेश हुकला. वर्षभर ती वाडीत राबली. पुढच्या वर्षीच्या तोंडीआधी मी प्राचार्यांकडे गेले, बोलणी खाल्ली आणि सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात कालवल्या. पहिल्या मुलाने कायद्यावर बोलताना कायदाच चुकवला. दुसऱ्याला ‘आदर्श भारतीय स्त्री’ आली. मान खाजवत तो म्हणाला, माझी आई सकाळी कधी उठते ते मला माहीत नाही. आणि चिठ्ठी परत देऊन जागेवर जाऊन बसला. मी आजवर ऐकलेलं त्या विषयावरचं ते सगळ्यात खरं भाषण.

सगळ्यांत शेवटी, मागच्या बाकावर इतरांचं ऐकत बसलेली ती आपला राहिलेला विषय द्यायला पुढे आली. चिठ्ठी निघाली पक्षांतरबंदी कायद्याची. ती तडफेने बोलली, पण एक तृतीयांश आमदार फुटले तर चालतं, असं सांगून बसली. ती सवलत कधीच रद्द झाली आहे. मी गुणांच्या तक्त्यावर आठ लिहिले. का लिहिले, ते तुम्हाला सांगायला नको.

तिने टेबलाच्या पलीकडून तो आणि त्याच्या वरचे आकडे उलटे वाचले.

‘पहिल्या मुलाचा कायदा चुकला, त्याला तुम्ही सहा दिलेत मिस. माझाही चुकला.’

मी आठ खोडले, सहा लिहिले, बाजूला सही केली. तिने सही होईपर्यंत वाट पाहिली आणि बॅग उचलून गेली.

त्यानंतर ती कॉलेजात आली नाही. वकिलीला प्रवेश मिळाल्याचं कळलं, तेही दुसऱ्याकडून. मला आठवते ती त्या दिवशीची. खिडकीतून पाहिलं तर भुईगावची बस नुकतीच सुटली होती. ती मागे धावली नाही. रिकाम्या थांब्यावर जाऊन पुढच्या बससाठी रांगेत पहिली उभी राहिली.