लाल चिठ्ठी आधी की मागनं?

जगात कुठेही काही विचित्र घडलं की त्याची चौकशी मुरबे गावच्या काकांकडे सोपवलेली असते, अशी माझी पक्की समजूत आहे. काका माझे नात्याने कोणी नव्हेत. बोईसरच्या कारखान्यात मी सुपरवायझर आणि ते माझ्या पाळीत दाब मोजणारी गेजं तपासणारे. ते निवृत्त झाले, मी अजून तिथेच आहे. तरी दर रविवारी सकाळी ते मुरब्याहून रिक्षा बदलत येतात, माझ्या बायकोच्या हातात सुक्या बोंबलांची पुडी ठेवतात आणि पिशवीतून घडी घातलेला पेपर काढतात.

कारखान्यात बिघडलेल्या गेजला लाल चिठ्ठी बांधतात. तिच्यावर बांधल्याची वेळ लिहायची, गेज दुरुस्त झालं की ती काढायची. काका निवृत्त झाले, पण चिठ्ठ्या त्यांच्या खिशातच राहिल्या. घरचा मिक्सर, एसटी स्टँडवरचं बंद घड्याळ, पालघरच्या एका डॉक्टरांचं रक्तदाबाचं यंत्र, सगळ्यांना त्यांनी चिठ्ठ्या बांधल्या. गुडघा धरला तेव्हा पायजम्यावरून त्यालाही एक बांधून आले. बायकोने हसू दाबत विचारलं, "काका, यावर वेळ नाही लिहिली?"

"वैनी, हा कदी बिघडला तेच नक्की नाय. खोटी वेळ कशी लिवू?"

मी चहाच्या कपात बघत राहिलो.

बातम्यांवरचे त्यांचे निकाल ऐकून मी कायम गोंधळतो. मोबाइलने दाखवलेल्या रस्त्याने एकजण गाडीसकट खाडीत गेला. काका मोबाइलच्या बाजूने. "मशीन बोललं सरळ जा. खाडी सरळच होती ना?" कुठेतरी बोकडाने निवडणुकीचा अर्ज भरला. "यादीत नाव हाय काय त्याचं? असंल तर आपण बोलणारे कोण?"

मग ती जुगाराच्या यंत्राची बातमी आली. परदेशात एका म्हातारीने खटका ओढला, घंटा वाजल्या, पडद्यावर भलामोठा आकडा उमटला. मालक म्हणाले, यंत्र बिघडलं होतं, बक्षीस मिळणार नाही. काका ताडकन उठले, गुडघा विसरून.

"सायेब, लाल चिठ्ठी आधी लावलेली की मागनं?"

"बातमीत ते नाही, काका."

"मग बातमीत हाय काय? म्हातारी हरत होती तवा मशीन चांगलं, जिंकली तवा बिघडलं?"

पुढचे चार रविवार हाच प्रश्न. ते म्हातारीबद्दल विचारत होते की माझ्याबद्दल, मला उमगेना. कारण तशी एक चिठ्ठी मी लावली होती.

बारा वर्षांपूर्वी एका गेजने दाब वाढल्याचं दाखवलं म्हणून काकांनी बटण दाबून रसायनं शिजवणारा रिअॅक्टर थांबवला. सगळा माल नासला. दाब खरंच वाढला होता की गेज चुकलं, मला आजही ठाऊक नाही. मोठे साहेब येताना दिसले आणि मी घाबरलो. गेजला चिठ्ठी बांधली, वर दोन तास आधीची वेळ टाकली. चिठ्ठी असलेल्या गेजवर काकांनी भरवसा ठेवला, असं ठरलं. त्यांना गोदामात धाडलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा गेजला हात लावला नाही.

पाचव्या रविवारी मी सांगून टाकलं, "काका, मागनं. मी लावली."

ते पेपरची घडी सरळ करत राहिले. "म्हाईत हाय. शाई वली होती. बोटाला लागली माज्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल वाटलं. सुपरवायझर तुमी." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. "आता खरी वेळ लिवा."

मी कबुलीची वेळ लिहिली: रविवार, साडेदहा. त्यांनी चिठ्ठी नीट वाचली, खिशात घातली आणि बोंबलांचं कालवण न जेवताच निघून गेले.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. पण रविवारी रिक्षा थांबली, पुडी आली, पेपर आला. न राहवून मी विचारलं, "काका, ती चिठ्ठी कुठे लावलीत?"

"लावली नाय." ते चष्मा शोधत म्हणाले, "दुरुस्त झालं की चिट्टी काडतात सायेब, इसरलात काय?"

मी खरंच दुरुस्त झालोय का, कळत नाही. काकांनी मात्र तपासायचं सोडून दिलंय. त्या म्हातारीचं पुढे काय झालं, तेवढं ते अजून दर रविवारी पेपरात शोधतात. आता मीही शोधतो.