थांबाभाऊंचा पांढरा गोटा

पळणाऱ्याला थांबवणं हा ज्यांचा स्वभाव, त्यांनाच मी गाड्या पळवायच्या कामावर ठेवलं होतं. मागे सहा क्वाड बाइक, त्यांवर सहा पाहुणे, आणि सगळ्यांच्या पुढच्या गाडीवर खाकी सदऱ्यातले, अनवाणी पायांचे, साठी ओलांडलेले एक गोंड गृहस्थ. चपला काढून हँडलला अडकवलेल्या. खोऱ्याचं तोंड आलं की त्यांचा उजवा हात वर जायचा. "थांबा जी." मागच्या सहाही गाड्या एकमेकींवर आदळता आदळता उभ्या राहायच्या. नोंदवहीत त्यांचं नाव वेगळं होतं. पण पाहुण्यांनी त्यांचं थांबाभाऊ केलं, मग आम्हीही तेच म्हणू लागलो आणि शेवटी त्यांची लेकही हसून तेच म्हणायला लागली.

माझा मूळ धंदा मंडपाचा. हिवाळ्यात वडशाकडे नाटकांचा हंगाम लागला की माझे बांबू आणि कनाती गावोगाव फिरायच्या. पुढे नागभीडकडच्या एका मित्राच्या पडीक जमिनीवर आम्ही दोघांनी 'सूर्यास्त सफर' काढली. जमिनीला लागून झुडपी जंगल, त्यापलीकडे खडकांचं खोरं. दोन्ही अंगांनी काळे-तांबूस कातळ, मधून कोरड्या ओढ्याची वाट, आणि खोरं संपतं तिथं एक उघडा सडा, सपाट कातळाचा. तिथून सूर्य बुडताना दिसतो आणि त्या वेळी सगळे खडक निखाऱ्यासारखे होतात. खोऱ्यातली वाट गावाची होती. गाव आधी नाहीच म्हणालं. थांबाभाऊ बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "येऊ द्या. रस्त्यात काई चुकलं तं मले पुसा." त्यांच्या त्या एका वाक्यावर आमचा धंदा चालला.

बदल्यात त्यांची अट एकच होती. खोऱ्याच्या तोंडाशी एक मोहाचं झाड होतं आणि त्याखाली गोट्यांची कंबरभर रास. तिथं इंजिन बंद करायचं, उतरायचं, एक गोटा उचलून राशीवर ठेवायचा आणि मग आत जायचं. गावचं प्रत्येक माणूस हे करायचं, लाकडाला जाताना, मोह वेचायला जाताना. आणि गावात कुणी वारलं की घरचे लोक त्या माणसाच्या नावाचा एक गोटा तिथं आणून ठेवायचे. तो ठेवून घ्यायचा मान थांबाभाऊंच्या घराकडे होता, बापाकडून आलेला. कुठला गोटा कुणाचा, हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या बायकोचा गोटा पांढरा होता, गारगोटीचा, नारळाएवढा. "धान पाखडे तवा अशीच पांढरी होऊन जाय थे," असं मला एकदा म्हणाले होते. जाता-येता दोन बोटं त्याला लावायचे. बस, तेवढंच.

त्या चारचाकी फटफटीबद्दल त्यांचं मत बरं होतं. "बैलापेक्षा बरी जी. शेन नाई टाकत. पर बैल बलावलं तं येते, हे नाई येत." हेल्मेट घालायला लावलं तर घालायचे, पण राशीपाशी काढून हातात धरायचे. मला माझ्या नावानं त्यांनी कधी हाक मारली नाही. मी मंडपवाले. "मंडपवाले, तुमी खांब गाडता तवा जमिनीले इचारता का?" मी म्हणायचो, "जमीन काय सांगणार भाऊ?" "सांगत नाई, पर इचाराले का जाते तुमचं?"

पाहुण्यांविषयी लिहायचं तर अजून तोंड कडू होतं. काळे चष्मे, गळ्यात रुमाल, हातात मोबाइल. राशीपाशी उतरवलं की पहिला प्रश्न, "हा काय टोल नाका आहे का काका?"

"हो जी. एक गोटा."

"सनसेट मिस होईल ना. जरा फास्ट घ्या."

"नाई होत. तुमच्याबिगर नाई बुडत थो."

ते हसायचे, गोटा टाकायचे. ठेवायचे नाहीत, टाकायचे. एक जण राशीवर चढून दोन्ही हात पसरून फोटो काढून घेत होता. त्याला थांबाभाऊंनी मांडीला धरून, लहान मुलाला उतरवावं तसं खाली घेतलं. एक जण मोहाच्या मागे जाऊन लघवीला बसला. सड्यावर पोचले की वेफर्सची पाकिटं फुटायची, गुटख्याच्या पिचकाऱ्या त्या लाल खडकांवर आणखी लाल उडायच्या, आणि सूर्य बुडाला की हे लोक टाळ्या वाजवायचे. शिट्ट्या. कुणी हॉर्न वाजवायचं. थांबाभाऊ पाठ करून उभे असायचे. परतताना सगळी पाकिटं वेचून सदऱ्याच्या पोटात भरायचे, पोट फुगून यायचं. मी ते पाहायचो आणि पाहुण्यांना विचारायचो, "मजा आली ना सर?" त्या पाकिटांपेक्षा मला माझ्या त्या 'सर'ची जास्त शिसारी येते.

आता जे सांगायचं आहे ते इतकी वर्षं मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

एका पावसाळ्यात ओढ्यानं वाट कापली. राशीच्या थोडं पुढे छातीभर खोल घळ पडली. त्याच आठवड्यात एका मोठ्या कंपनीचे अधिकारी यायचे होते, बारा जण, एका गाडीवर दोघं. थांबाभाऊ नव्हते. लेकीला मुलगा झाला म्हणून कुरखेड्याला गेले होते. आमची माणसं म्हणाली, घळ भरायला गोटे लागतील, ओढ्यातून आणायला दोन दिवस जातील. मी इकडेतिकडे पाहिलं. खरं तर इकडेतिकडे पाहायची गरज नव्हती. रास समोरच होती.

"हेच घ्या," मी म्हणालो.

माणसं गावातली होती. एकानं पहार खाली ठेवली. "भाऊ काय म्हनन?" मी सांगितलं, भाऊंना विचारलंय. दोन तासांत घळ भरली. मला काही माहीत नव्हतं असं लिहावंसं वाटतं, पण माहीत होतं. पांढरा गोटा आला तेव्हा तो मी स्वतः बाजूला काढला. तो चाकाखाली जाऊ नये, भाऊ आले की त्यांच्या हातात द्यावा, असं खरंच मनात होतं. गाडीच्या पाटीत ठेवून ऑफिसात आणला. पंख्यानं कागद उडत होते, म्हणून त्यांच्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांच्या गाड्या न थांबता खोऱ्यात शिरल्या. "आज वाट फार स्मूथ आहे," असं त्यांचा मोठा साहेब म्हणाला.

दोन दिवसांनी सकाळी गावानं मला समाजमंदिरात बोलावलं. थांबाभाऊ त्याच सकाळी परतले होते. नातवाच्या बारशाचे बत्तासे अजून पिशवीत होते. म्हाताऱ्या माणसांपैकी एकानं विचारलं, "गोटे काढाले कोनं सांगतलं?" बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, एकीच्या सासऱ्याचा गोटा त्यात होता, एकीच्या तान्ह्या लेकराचा. वाट बंद झाली तर सात गाड्यांचं काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "भाऊंना विचारूनच केलं. ते हो म्हणाले होते."

थांबाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, माझ्या बुटांकडे. मी कधी राशीपाशीही ते काढले नव्हते.

"होय का रे? तू हो म्हनला का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"ह्यायले आत आनलं थे मीच," थांबाभाऊ म्हणाले. "मंग कोनं का केलं, थे काऊन पुसून राह्यले? मले पुसा म्हनलो होतो ना. पुसलं. झालं."

गावानं वाट बंद केली नाही. गोटे ठेवून घ्यायचा मान मात्र त्यांच्या घराकडून काढून दुसऱ्या घराला दिला. ते समाजमंदिराच्या पायऱ्या उतरले, पिशवीतले बत्तासे माझ्या हातावर ठेवले, "नातू झाला जी," म्हणाले आणि घरी गेले. ते बत्तासे मी खाल्ले. रस्त्यात, मोटारसायकलवर बसून, एकेक करून सगळे खाल्ले.

कामावर ते परत आले नाहीत. खोऱ्यात मात्र यायचे. रोज दुपारी पहार आणि टोपली घेऊन घळीत उतरायचे आणि आमच्या वाटेखालचा एकेक गोटा उकरून राशीच्या जागी नेऊन ठेवायचे. आम्ही घळ पुन्हा मुरुमानं भरायचो, ते पुन्हा उकरायचे. संध्याकाळी गाड्या आल्या की ते बाजूला सरायचे, आणि सवयीनं त्यांचा उजवा हात वर जायचा. कुणी थांबायचं नाही. धुळीत तो हात थोडा वेळ वरच दिसायचा. पाहुणे विचारायचे, "तो म्हातारा कोण?" मी म्हणायचो, "इथलाच आहे."

एकदा न राहवून मी घळीच्या काठावर गेलो. म्हणालो, "भाऊ, गोटे सगळे सारखेच. ओढ्यातले आणून देतो ट्रॉलीभर."

त्यांनी वर पाहिलं. राग नव्हता चेहऱ्यावर, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "मंडपवाले, कनाती सगळ्याच सारख्या दिसते. तरी तुमची कोनती, तुमाले समजते ना?"

मी बुटाच्या टोकानं काठावरचा मुरूम सारला.

"बहुतेक भेटले जी. चाकानं काई फुटले, पर वळखू येते. एक थो पांढराच नाई भेटून राह्यला." टोपली टेकवून त्यांनी कपाळ पुसलं. "पांढरा तं आधी दिसाले पायजे होता. पांढरा कसा लपते?"

तो लपलेला नव्हता. तिथून दहा मिनिटांवर, माझ्या टेबलावर, बुकिंगच्या कागदांवर होता. थांबाभाऊ ऑफिसात कधी यायचे नाहीत, बाहेरूनच जोहार करायचे, म्हणून दिसला नाही इतकंच. तेव्हा उठून आणून दिला असता तर? पण दिला की विचारणार, इतके दिवस कुठी होता. आणि त्या प्रश्नाच्या मागोमाग समाजमंदिरातलं माझं वाक्य गावासमोर उघडं पडणार. मी म्हणालो, "मिळेल भाऊ." ते म्हणाले, "हो ना जी. जाईल कुठी." आणि पुन्हा खाली वाकले.

धंदा पुढे आपोआप बसला. लोकांना दुसरीकडे दुसरं काही सापडलं. सात गाड्या शेडमध्ये उभ्या राहून राहून त्यांचे टायर चिरले, सीटच्या फोमात उंदरांनी घरं केली. ऑफिस आवरताना तो गोटा मी पिशवीत घालून घरी आणला आणि माळ्यावर, कनातींच्या गठ्ठ्यामागे ठेवला. थांबाभाऊ घळीत जातच होते, असं ऐकायला यायचं. मग गुडघे गेले तेव्हा काठावर बसून राहायचे म्हणे.

या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. गोटा ठेवायच्या दिवशी मी पिशवी घेऊन गेलो. रास गुडघाभर झाली होती, त्यांनी एकट्यानं उभी केलेली. लोक थोडे होते. त्यांची लेक मैनाबाई बापाच्या नावाचा गोटा हातात धरून उभी होती. मी पुढे जाऊन पिशवी उघडली. तिनं आत पाहिलं, हातातला गोटा राशीवर ठेवला आणि पिशवीत हात घातला.

"मायचा व्हय ना जी हा? कुठी भेटला?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. उत्तर चार शब्दांचं होतं. ते कसं द्यायचं हे मी गाडीवर पूर्ण रस्ताभर ठरवत आलो होतो.

"घळीत," मी म्हणालो.

ती रडायला लागली. माझे पाय धरायला वाकली, मी मागे सरलो. "तुमी शोधत राह्यले जी. बाबाले आस होती. म्हने, मंडपवाल्यानं म्हनलं हाय भेटन म्हून, तं भेटन." तिनं तो पांढरा गोटा बापाच्या गोट्याला लागून ठेवला, दोन बोटं लावली, आणि मला म्हणाली, "तुमीही ठेवा एक. बाबाच्या नावानं." मी वाकलो. पायाशी पडलेल्या गोट्यांवर एका अंगाला अजून टायरचं काळं होतं. त्यातलाच एक उचलला आणि ठेवला. बूट पायात होते, हे गाडीला किक मारताना लक्षात आलं.

मैनाबाईला वाचता येत नाही. पण तिचा तो बत्ताशांचा मुलगा आता शाळेत जातो; तो तिला हे वाचून दाखवील म्हणून लिहिलं. बाई, तुमचे बाबा कधीच हो म्हणाले नव्हते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि तो गोटा घळीत नव्हता, माझ्या टेबलावर होता.